राखणदार रिठा प्यायला

दगड दारू पितो हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. पण १९८६ सालच्या माघात आमच्या केळंब्याच्या सड्यावर, गावावरच्या त्या उघड्या कातळावर, दीड-दोनशे माणसं उभी राहून त्या दगडाचं पिणं बघत होती, आणि त्या गर्दीत मी शिकवलेल्या दोन मुली नवऱ्याच्या नावाची बाटली पदराखाली धरून उभ्या होत्या. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

दगड जांभ्याचाच, गुडघ्याएवढा उंच, तेल-शेंदूर फासलेला. माथ्यावर वाटीएवढा खळगा. हा आमच्या वाडीचा राखणदार. पूर्वी त्याला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारूची धार मिळायची, त्याला राखण म्हणतात. बाकीचे दिवस तो उन्हात एकटाच असायचा. मग आमच्या वाडीतला धाकू मुंबईहून परतला आणि राखणदाराला दर रविवारी तहान लागू लागली.

धाकू आधी खळग्यात पाणी ओतायचा. पाणी तसंच राहायचं, वर आभाळ दिसायचं. "बगा, पानी चालत नाय त्येला," तो म्हणायचा. "त्यो काय म्हस हाय, घमेलाभर पानी प्यायला? त्येला दुसऱ्याची तहान लागते. तुमच्या मानसाची तहान ह्यो पितो, नि तुमचा मानूस मोकळा." मग फडक्यानं पाणी टिपून घ्यायचा आणि बाटली उपडी करायचा. बघता बघता दारू नाहीशी व्हायची. बायका तिथूनच हात जोडायच्या. तिथूनच म्हणजे पन्नास पावलांवरून, कारण राखणदाराजवळ बाईमाणसानं जायचं नाही असा रिवाज. शेवटी बाटलीच्या तळाशी राहिलेला घोट दारुड्याच्या ओंजळीत पडायचा. तो शेवटचा घोट, त्याच्यानंतर दारू सुटली म्हणून समजायचं. पाच-सहा बाटल्या झाल्या की धाकू दगडावर लाल कापड टाकून सांगायचा, देव निजला. दारू पिऊन देवालाही झोप येते, एवढं तरी त्याचं खरं होतं.

जयगडपासून संगमेश्वरापर्यंतची माणसं यायला लागली. यष्टीचा कंडक्टर 'दारूबाबा' अशी हाळी देऊन गाडी थांबवायचा. ज्या बायका नवऱ्याच्या खिशातली बाटली काढून उकिरड्यावर ओतायच्या, त्याच आता स्वतः गुत्त्यावर जाऊन बाटली विकत घेत होत्या. मला त्यांचा राग येत नव्हता. मार खाऊन खाऊन माणूस कुठल्याही दगडाकडे जातो.

माझं नाव कमळा. रत्नागिरीला एका शाळेत विज्ञान शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते आणि सुट्टीला केळंब्याला येते. घरी तेव्हा माझा धाकटा भाऊ रघू, त्याची बायको चिमा आणि आठ वर्षांची मुलगी मैना. आमचे वडील भागोजी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. सबंध बाटली पोटात घालून ते धक्क्यावरून गलबताच्या फळीवर चढायचे आणि पाऊल वाकडं पडायचं नाही. बघणारे म्हणायचे, पचवावी तर भागोजीनं. आम्हा पोरांनाही त्याचा अभिमान वाटायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी पोट फुगून ते गेले, तेव्हाही लोक पचवण्याचंच कौतुक करत होते.

रघूचं तेच झालं. चिरेखाणीत जांभा कापायचा, हात सोन्याचा, आणि संध्याकाळी बाटली. तिसाव्या वर्षी रक्ताची उलटी झाली, तेव्हा मी त्याला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांना चढायची का?" मी म्हटलं, छे, बाटलीभर घेऊन सरळ चालायचे. माझ्या बोलण्यात तेव्हाही थोडी ऐट होती. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं.

"बाई, हीच तर गोम आहे," ते म्हणाले. दुसऱ्याचं डोकं दोन पेल्यांत गरगरतं, म्हणून तो थांबतो. ज्याला लवकर चढत नाही त्याला थांबायचा इशाराच मिळत नाही, आणि हे न चढणं बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे उतरतं, असं अलीकडे दिसू लागलंय. परदेशात दारुड्यांची तान्हेपणी दत्तक गेलेली मुलं तपासली. ती दुसऱ्याच घरात वाढली, बापाची बाटली त्यांनी डोळ्यांनी बघितली नाही, तरी त्यांच्यात दारूच्या आहारी जाणारे इतरांहून जास्त निघाले. नेमकं काय उतरतं ते अजून कुणाला सापडलेलं नाही, एकच एक गोष्ट नसावी. पण म्हणून ते कपाळावर लिहिलेलंही नाही. असल्या बापाची कितीतरी मुलं चांगली राहतात.

रघूनं खाली बघत विचारलं, "म्हंजे माजी चूक नाय?"

"अंगात उतरलं त्यात तुझी चूक नाही. पहिला घोट घ्यायचा की नाही, ते तुझ्या हातात आहे. दुसरा तुझ्या हातात राहणार नाही. एवढं लक्षात ठेव."

त्यानं लक्षात ठेवलं. चौदा महिने त्यानं थेंबाला स्पर्श केला नाही. कसे काढले ते चिमाला माहीत. संध्याकाळ झाली की तो कामाशिवाय विहिरीचं पाणी काढून अंगणातल्या माडांना घालत बसायचा. माड कुजतील म्हणून चिमा लटकी रागवायची. मैनेला तो शाळेत पोचवायला जाऊ लागला. मी घरी आले की मैना दारातच सांगायची, आत्या, बाबा चांगले आहेत.

दत्तक मुलांची गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तेव्हा रघूनं आणि मी एकमेकांकडे बघितलं होतं, कारण आम्हाला आणखी एक भाऊ होता. लवू अठरा दिवसांचा असताना आई वारली आणि लांज्याच्या तुळसामावशीनं त्याला नेलं. मावशीला मूल नव्हतं. मावसा माळकरी, घरात कांदासुद्धा शिजत नसे. लवूला बाप म्हणजे मावसाच माहीत. तरीही काजूच्या कारखान्यात कामाला लागल्यावर कुणीतरी पहिला पेला हातात दिला, आणि सव्विसाव्या वर्षी लवू रस्त्याच्या कडेला सापडू लागला. रघू म्हणाला होता, "कलम कुनाच्या पन बागेत लावा ताय, फळ त्याच जातीचा लागनार." चार बुकं शिकलेल्या माझ्यापेक्षा त्याला ते लवकर कळलं.

धाकूला मात्र लवूमध्ये घबाड सापडलं. मावशी लवूला घेऊन केळंब्याला आली त्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर कौल लावला आणि डोळे फिरवले. "भागोजी तहानलेला मेला. त्येची तहान पोरामागं लांज्याला गेली. माळ आडवी आली नाय, का नदी आडवी आली नाय. नायतर माळकऱ्याच्या घरात दारू शिरलीच कशी?"  उपाय असा निघाला की नऊ दिवसांनी मंगळवारी असलेल्या राखणीला दोघा भावांनी एकाच धारेच्या दारूचं तीर्थ घ्यायचं. थोरल्यानं आधी घ्यायचं, म्हणजे बापाची तहान फिटेल आणि धाकटा सुटेल.

मी तेव्हा रत्नागिरीला होते. पण या दगडाचं कोडं माझ्या डोक्यात महिनाभर होतं, आणि त्याचं सूत्र मला रघूनंच दिलं होतं. "ताय, मी पंधरा वर्सं जांभा कापतोय," तो म्हणाला होता. "जांभा पानी पितो, घाम पितो, तेल पितो. दारू तेवडी पितो नि पानी नको म्हनतो, तो जांभा नाय. त्येला कायतरी लावलंय."

काय लावलंय? धाकू मुंबईला ताडपत्रीच्या कारखान्यात होता, तिथे कापडाला मेण पाजतात, हे मला आठवलं. राखणीच्या आधीच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत बसले. रुमालावर मेणबत्ती घासली, पेल्याच्या तोंडावर ताणून बांधला. वर पाणी ओतलं. पाणी तसंच राहिलं. ते ओतून दिवा पेटवायचं स्पिरिट घातलं, तर सगळं खाली गळालं. तेलकट, मेणकट कपड्यात पाणी शिरत नाही, दारू शिरते, इतकंच. मग पाण्याला तेलकटात शिरायला कोण शिकवतं? साबण. माझ्याकडे केस धुवायचा रिठा होता. तो चोळून पाणी केलं, दुसऱ्या मेणकट रुमालावर ओतलं. थोडा वेळ थांबलं आणि मग थेंब थेंब खाली उतरलं. त्या रिकाम्या प्रयोगशाळेत मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी घरी गेले आणि रघूला सगळं सांगितलं. तो खूश झाला. "मंग आजच दाखव की. आज रविवार, धाकू वर हायच." मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, विसरता येत नाही. मी म्हटलं, "आज दीडशे माणसं असतील रे. पुढच्या आठवड्यात अमावास्येला तीन तालुक्यांतली येतील. सगळ्यांसमोर उघडं पाडते."

मला गर्दी हवी होती. धाकूला हवी होती तशीच.

 मग रघू राखणीचं बोलला. वाडीनं ठरवलं होतं, मावशी त्याच्या पाया पडली होती. "मना म्हाईत हाय खोटा हाय. पन लवूला म्हाईत नाय ना. त्येला वाटतंय बापूस मानगुटीवर बसलाय. मी तीर्थ घेतला नाय नि तो मेला, तर?" मी म्हटलं, ओठाला लाव आणि थुंकून टाक. मग मी दुपारची गाडी पकडून परत गेले. सोमवारी माझे तास होते.

मंगळवारचं मला नंतर लवूनं सांगितलं. धाकूनं धार धरली, रघूनं हात पुढे केला नाही. म्हणाला, मला नको. सगळे बघत होते. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही तो नको म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता. तेव्हा वाडीचे मानकरी दादूआबा, सज्जन माणूस, आयुष्यात कधी कुणाचं वाईट केलं नाही, ते मायेनं म्हणाले, "रघू, देवाची ती दारू नव्हं, तीर्थ. एका घोटानं काय व्हतंय? भावासाठी घे." तिसऱ्यांदा रघूनं ओंजळ केली. थुंकायला जागा नव्हती, चहूबाजूंनी माणसं होती. त्यानं गिळलं.

घरी येऊन तो जेवला. चिमाला म्हणाला, काय पन झाला नाय बघ. तिला बरं वाटलं. लोक म्हणाले, बघा, देवाच्या तीर्थानं कधी बाधतं का. काही झालं नाही हाच आमच्या घराण्याचा रोग आहे, हे सांगायला मी तिथे नव्हते.

बुधवारी त्यानं माडांना पाणी घातलं नाही. गुरुवारी तो खाणीतून उशिरा आला. शनिवारी मी पोचले तेव्हा मैना दारात उभी होती, पण काही बोलली नाही. रघू आत भिंतीकडे तोंड करून निजला होता आणि घरभर वास होता. मी हाक मारली. तो वळला नाही. "ताय, दुसरा माज्या हातात नव्हता," एवढंच म्हणाला.

अमावास्येला दुपारी सड्यावर जत्रेसारखी गर्दी लोटली. मला अजून वाटत होतं की दगड खोटा पडला, बापाचं भूत खोटं पडलं की माझा भाऊ परत येईल. गुत्त्यावरची रिकामी बाटली धुऊन तिच्यात मी रिठ्याचं गाळलेलं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं आणि ती लवूच्या हातात दिली. आत काय आहे ते त्याला सांगितलं. तो घाबरला, पण गेला.

धाकूनं नेहमीसारखं पाणी ओतून दाखवलं, टिपून घेतलं आणि पहिली बाटली लवूची घेतली. सगळीकडे दारूचाच वास होता, त्याला काही कळलं नाही. त्यानं बाटली उपडी केली. खळगा भरला. या वेळी जरा वेळ लागला, धाकूच्या कपाळाला आठी पडली, मग पाणी हळूहळू खाली गेलं. "प्याला," तो ओरडला. "भागोजीची तहान सबंद प्याला. राखनदार तृप्त झाला."

मी रिवाजाची ती पन्नास पावलं ओलांडून पुढे गेले. कुणी अडवलं नाही, इतकं ते अनपेक्षित होतं. मी म्हटलं, "राखणदार रिठा प्यायला. ही दारू नव्हती. केस धुवायचं पाणी होतं."

लोकांनी खळग्यात बोटं घालून बघितली. फेस आला. कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, देव दयाळू, त्याला रिठाही चालतो. धाकूनं ती ओळ लगेच उचलली आणि बाईमाणसानं विटाळ केला म्हणून आरडाओरडा सुरू केला. गर्दी दोन्हीकडे झुकत होती. मी मेण, कापूस, रुमाल असं काही सांगू लागले, पण ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

तेवढ्यात रघू आला. खांद्यावर खाणीतली पहार होती. सकाळपासून प्यायला होता हे मला डोळ्यांवरून कळलं, चालण्यावरून कुणालाच कळलं नसतं. पाऊल एकदाही वाकडं पडलं नाही. त्यानं दगडाभोवती एक फेरी मारली, पहार बरोबर सांध्यात घातली आणि दाबली. राखणदार उताणा झाला. खळग्याच्या तळाला बोटभर भोक, भोकात मेण पाजलेल्या कापसाचा बोळा, त्याखाली बांबूची नळी, आणि नळीखाली खड्ड्यात पत्र्याचा डबा. आधीच्या बाटल्यांतली दारू अजून त्यात होती. एरवी देव झोपला की धाकू डबा काढायचा, बोळा बदलायचा, आणि तीच दारू त्याच गुत्त्यावर परत जायची.

मग मात्र एकच हशा उठला. लोकांनी धाकूची बोलणी त्यालाच म्हणून दाखवली. देव निजला रे, म्हस आली रे. कुणी माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या. हव्या तितक्या माणसांसमोर मी धाकूला उघडं पाडलं होतं. आणि त्या टाळ्या चालू असताना रघूनं खड्ड्यात वाकून तो डबा उचलला आणि तोंडाला लावला. आज ओतलेलं रिठ्याचं पाणीही त्यात होतं. तो थांबला नाही. हसणारे एकेक करून गप्प झाले. लवूनं पुढे होऊन डबा ओढायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही. रघू माझ्याकडे बघत पीत होता, आणि त्याच्या डोळ्यांत लाज होती, दुसरं काही नव्हतं.

तो श्रावणात गेला. डॉक्टरांनी दोनदा दाखल करून घेतलं, दोन्ही वेळा घरी परतल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झालं. धाकू त्या दिवशीच पसार झाला. ऐकते की लांब कुठेतरी दुसऱ्या दगडाला तहान लागली आहे. लवू पीत नाही. डबा ओढताना जे बघितलं त्यानंतर त्याला कुठला देव लागला नाही. दर महिन्याला तो डॉक्टरांकडे येतो, मग माझ्या खोलीवर. 

वर्षश्राद्धाला मैनेनं मला विचारलं, "आत्या, आजोबांची ती तहान माज्यात पन हाय?" तिला आता नऊ वर्षं झाली होती. खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. म्हटलं, तहान नाही बाळा, भूतही नाही. अंगाची एक ठेवण असते, नाकासारखी, केसांसारखी. आजोबांकडून ती तुझ्यात आली असेल किंवा नसेल. माझ्यातही असेल. मी कधी चव घेतली नाही, म्हणून मला कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही.  ती म्हणाली, मग बाबांना दारू कोणी दिली?

तिला मी उत्तर दिलं नाही, तुम्हाला देते. धाकूला शिव्या घालून मोकळं होऊ नका. मेणाचा बोळा कुणालाही शोधता येतो, मला एका शनिवारात सापडला. पण माझ्या भावाला त्या दगडानं मारलं नाही. चांगल्या माणसांनी मायेनं एक घोट दिला, आणि ज्या बहिणीला खरं माहीत होतं ती मोठ्या गर्दीची वाट बघत बसली. ज्या घरात बाप प्यायलेला आहे त्या घरातल्या पोरांना भुताची भीती घालू नका, त्यांना खरी गोष्ट सांगा. ज्याला चढत नाही त्याचं कौतुक करू नका, त्यानंच जास्त जपायचं असतं. आणि लग्नात, राखणीत, शिमग्यात, देवाच्या नावानं का होईना, कुणी 'मला नको' म्हटलं, तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.